मत्स्यशेती वाढली, समुद्रावरचं ओझं तेवढंच

पाळलेली मासळी पकडलेल्या मासळीपेक्षा जास्त भरली, असं जगात पहिल्यांदा घडलं ते २०२२ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हिशेब सांगतो की त्या वर्षी मत्स्यशेतीतून मासे, कोळंबी, शिंपले वगैरे मिळून ९ कोटी ४४ लाख टन माल निघाला, तर समुद्र, नद्या आणि तलाव यांतली सगळी पकड झाली ९ कोटी १० लाख टनांची. आकडे जाहीर झाले आणि बऱ्याच ठिकाणी एकच सूर लागला. जमिनीवर माणूस शिकार सोडून शेतीला लागला त्याला हजारो वर्षं झाली, पाण्यात ते आता घडतंय. चला, समुद्राला जरा उसंत मिळेल.

ही उसंत मला कुठे दिसत नाही. त्याच संघटनेच्या जुन्या नोंदी चाळल्या तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षीची पकड ८ कोटी ६० लाख ते ९ कोटी ४० लाख टनांच्या दरम्यान हेलकावे खाते आहे. याच काळात मत्स्यशेती दीड कोटी टनांच्या आतून साडेनऊ कोटींच्या उंबरठ्यावर गेली. शेतीचा मासा बाजारात आल्याने समुद्रातला मासा पाण्यात राहणार असेल, तर एवढ्या वाढीनंतर पकडीचा आकडा कुठेतरी खाली यायला हवा होता. तो आला नाही. उलट झेपेल त्यापेक्षा जास्त उपसा होत असलेले मत्स्यसाठे (एका भागातला एका जातीचा मासा म्हणजे एक साठा) १९७४ मध्ये १० टक्के होते, ते २०२१ मध्ये ३७.७ टक्क्यांवर गेले. नवा रस्ता बांधला म्हणून जुन्या रस्त्यावरची गर्दी ओसरत नाही, थोड्याच दिवसांत दोन्ही भरून वाहतात. मासळीचंही तेच झालं. पाळलेला मासा समुद्रातल्या माशाच्या जागी आला नाही, त्याच्या जोडीला आला.

शेती नसती तर समुद्रावर आणखी ताण आला असता, असं यावर म्हटलं जातं. काही प्रमाणात ते खरंही असेल. पण जिथे पकडीला धरबंद नाही तिथे बोटी आधीच समुद्र देईल तेवढं सगळं घेताहेत. मागणी थोडी कमी-जास्त झाल्याने त्यांचा हात आखडत नाही. आणि जिथे धरबंद आहे तिथे मागणी कितीही वाढली तरी ठरलेल्या टनांपलीकडे मासा बाहेर येत नाही. दोन्हीकडे निर्णय मर्यादेपाशीच होतो. म्हणून मत्स्यशेतीचा प्रसार ‘समुद्र वाचवण्याची योजना’ म्हणून करणं मला दिशाभूल वाटते. समुद्र वाचवायचा तर पकडीवर मर्यादा घालावी लागते, आणि हे अप्रिय काम दुसऱ्या कुठल्याही गोड कामाने टळत नाही. शेतीची पारख वेगळी आहे. ती समुद्राकडून काय मागते, हे तिथे बघायचं.

पकडीचा आकडा तीस-पस्तीस वर्षं सपाट आहे म्हणजे समुद्र तो भार पेलतोय, असंही कोणी म्हणेल. पण हा सपाटपणा फसवा आहे. जवळचा मासा कमी झाला की बोटी लांब जातात, वरचा संपला की खोल उतरतात, मोठा मिळेना की लहान घेतात. ऑरेंज रफी नावाचा खोल समुद्रातला मासा घ्या. हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि वीण सुरू व्हायलाच त्याला पंचवीस-तीस वर्षं लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या आसपासच्या समुद्रात, पाण्याखालच्या डोंगरांवर तो थव्याथव्याने सापडला, ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी जहाजं, त्याच्यावर तुटून पडले, आणि काही वर्षांत एकेक डोंगर ओस पडत गेला. आपल्या आजोबांच्या आधी जन्मलेला मासा ताटात पडला, हे खाणाऱ्याच्या गावीही नव्हतं. जगाच्या बेरजेत मात्र ही सगळी वाताहत दिसत नाही, कारण एका साठ्यातली घट दुसऱ्या नव्या साठ्याने भरून निघते. नवे साठे आहेत तोवर.

मर्यादा का लागते आणि ती घालणं इतकं अवघड का जातं, हे समजायला कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या कॉड माशासारखं दुसरं उदाहरण नाही. कॅनडाच्या पूर्वेला ग्रँड बँक्स नावाची उथळ समुद्राची विस्तीर्ण पट्टी आहे. पाचशे वर्षं तिथल्या कॉडवर युरोप जेवला. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य-प्रदर्शनात टी. एच. हक्सले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाने सांगून टाकलं होतं की कॉड, हेरिंग यांच्यासारख्या मोठ्या मासेमाऱ्या बहुधा कधीच संपणार नाहीत. त्या काळच्या शिडाच्या होड्या आणि गळ बघता ते म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. १९५४ मध्ये ‘फेअरट्राय’ नावाचं ब्रिटिश जहाज मासेमारीला लागलं. त्यावर मासा पकडायचा, तिथेच चिरायचा, तिथेच गोठवायचा. बंदराला परत येण्याची घाई नाही. पाठोपाठ इतर देशांची तशीच जहाजं आली. १९६८ मध्ये या कॉडची वर्षाची पकड ८ लाख टनांवर गेली आणि नंतर घसरतच गेली.

इथवरची गोष्ट हावरटपणाची वाटते. शिकण्यासारखं पुढे आहे. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांचा पट्टा स्वतःकडे घेतला, परदेशी जहाजं बाहेर काढली. शास्त्रज्ञ नेमले, कोटा ठरवला, मोजमाप सुरू केलं. कागदावर सगळं नीट होतं. तरीही साठा कोसळला, कारण मोजण्यात एक घोळ होता. साठा किती आहे हे ठरवताना, ट्रॉलरला तासाभरात किती मासा मिळतो यावर बराच भर होता. कॉड थंडीत दाट थव्याने राहतो. साठा निम्म्यावर आला तरी उरलेला मासा पांगत नाही, त्याच जागी एकत्र गोळा होतो. ट्रॉलरवाल्याकडे ध्वनिलहरींनी मासा शोधणारं यंत्र असतं, तो नेमका त्या थव्यावर जाऊन जाळं टाकतो आणि त्याचं जाळं पहिल्याइतकंच भरतं. आकडे सांगत राहिले की मासा आहे. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी, एकाच जागी सापळे लावून बसणारे मासेमार १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की मासा येईनासा झालाय, जो येतोय तो लहान येतोय. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती म्हणूनच त्यांना खरं दिसत होतं. मासा त्यांच्यापर्यंत चालून यायचा आणि आता येत नव्हता. कोणी फारसं ऐकलं नाही. त्यात प्रक्रिया कारखाने उभे राहिले होते, रोजगार होता, निवडणुका होत्या. शास्त्रज्ञांनी मोठी कपात सुचवली तेव्हा सरकारने मधला आकडा धरला. मधला आकडा म्हणजे राजकारणात शहाणपण असतं. मासा मात्र तडजोड करत नाही.

२ जुलै १९९२ ला कॅनडाचे मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी दोन वर्षांची बंदी जाहीर केली. सुमारे तीस हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. दोन वर्षांची ती बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही फक्त १८ हजार टनांची परवानगी मिळाली. १९६८ च्या आठ लाखांपुढे हा आकडा ठेवून बघावा.

यावरून कोटा पद्धतच कुचकामी, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो मान्य नाही, कारण उलटी उदाहरणंही तितकीच ठोस आहेत. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला ब्लूफिन टूना २००७-०८ च्या सुमारास संपल्यातच जमा होता. कागदावरच्या कोट्याच्या कितीतरी जास्त मासा उचलला जात होता. मग टूनाच्या पकडीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने कोटा वर्षागणिक खाली आणला. २०१० साठी तो १३,५०० टन ठेवला, हंगाम आखडले, लहान मासा पकडायला मनाई केली आणि कोणता मासा कोणत्या जहाजाने पकडला याची कागदपत्रं माशाबरोबर फिरायला लागली. साठा सावरला. २०२३ पासूनचा वार्षिक कोटा ४० हजार टनांच्या पुढे गेला. म्हणजे मासेमारांनी काही वर्षं पोटाला चिमटा घेतला आणि तिप्पट परत मिळवलं. जगभरच्या ज्या साठ्यांचं नियमित शास्त्रीय मोजमाप होतं, ते सरासरीने सावरताहेत, असं २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण असे साठे जगाच्या पकडीच्या निम्मेच भरतात. उरलेल्या निम्म्यात किती मासा आहे हे कोणी पद्धतशीर मोजतच नाही.

नियम असणं आणि तो पाण्यात लागू पडणं या दोन गोष्टी आहेत, हे एकदा जाळ्याजवळ जाऊन बघावं. लहान मासा निसटून जावा म्हणून जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, किती मिलिमीटरचा असावा, याचे कायदे जवळपास सगळीकडे आहेत. किनाऱ्यावर जाळं पसरून पट्टीने मोजलं तर आस कायद्यात बसतो. पण ट्रॉलरचं जाळं ओढलं जाऊ लागलं आणि मागच्या पिशवीत मासा भरत गेला की पत्त्यांतल्या चौकटसारखे तिरके आस ताणाखाली लांबट होतात, कडा एकमेकींना चिकटतात आणि भोकं जवळजवळ मिटून जातात. बोटभर पिल्लूही बाहेर पडू शकत नाही. ते आत दबून मरतं, वर आल्यावर फावड्याने परत समुद्रात लोटलं जातं, आणि नोंदवहीत त्याचा पत्ताही नसतो. यावर उपाय आहे. जाळ्याच्या वरच्या बाजूला चौकोनी आसाची खिडकी शिवली तर ती ताणाखाली उघडी राहते. साधा, स्वस्त उपाय. पण खिडकीतून पिल्लांबरोबर थोडा विकाऊ मासाही जातो, म्हणून बंदर सुटल्यावर ती खिडकी बांधून टाकणारेही निघतात. त्यांना दोष देणं सोपं आहे. शेजारची बोट खिडकी बांधून दुप्पट मासा आणत असेल तर एकट्याने प्रामाणिक राहण्याचा भुर्दंड रोज भरावा लागतो.

आता शेतीकडे येऊ. साडेनऊ कोटी टनांतला साठ टक्क्यांहून जास्त माल गोड्या पाण्यातला आहे, बहुतांश तळ्यांमधले कार्प जातीचे मासे. त्यांचा समुद्राशी संबंध बेताचाच. समुद्राचा प्रश्न येतो तो मांसाहारी मासे आणि कोळंबी पाळताना, कारण त्यांना मासा खाऊ घालावा लागतो. तो येतो कुठून, याची साखळी फार कमी लोक शेवटपर्यंत बघतात.

पेरूच्या किनाऱ्यावर आंचोव्हेटा नावाचा बोटभर लांबीचा मासा आहे, मांदेलीच्या कुळातला. जगात एका जातीची सर्वांत मोठी मासेमारी याचीच. तो जवळजवळ सगळा कारखान्यात जातो, शिजतो, दाबून तेल काढलं जातं आणि उरलेल्याची वाळवून पूड होते. चार-पाच किलो ओल्या माशाची साधारण एक किलो पूड. १९७० मध्ये याची पकड १ कोटी २० लाख टनांवर गेली होती. १९७२ मध्ये एल निनो आला, गरम पाण्याने मासा हटला, तरी उपसा चालू राहिला आणि १९७३ मध्ये पकड २० लाखांच्या आसपास उरली. तेव्हा ही पूड मुख्यतः कोंबड्या-डुकरांना जायची. आता मोठा वाटा मत्स्यशेतीला जातो. २०२३ मध्ये पुन्हा एल निनोची चाहूल लागली, चाचणी पकडीत पिल्लंच फार आली, तेव्हा पेरू सरकारने वर्षाचा पहिला हंगाम रद्द केला. जगभर पुडीचे भाव भडकले. पेरूपासून हजारो मैल दूर असलेल्या पिंजऱ्यांतल्या माशाचं जेवण महागलं. शेतीचा हा मासा समुद्रापासून किती ‘स्वतंत्र’ आहे ते त्या वर्षी दिसलं. पेरू सरकारचं मात्र कौतुक करायला हवं; १९७२ मध्ये जे केलं नाही ते त्यांनी पन्नास वर्षांनी केलं.

पश्चिम आफ्रिकेत हेच चित्र जास्त उग्र आहे. सेनेगल, मॉरिटानिया, गांबिया या देशांच्या किनाऱ्यावर तारलीच्या जातीचा सार्डिनेला मासा तिथल्या गरिबांचं रोजचं अन्न. बायका तो खारवून, धुरावर वाळवून आतल्या प्रदेशात विकतात. गेल्या दीड-दोन दशकांत तिथे पुडीचे कारखाने उभे राहिले. कारखाना ओला मासा थेट होडीवरून उचलतो, खारवणाऱ्या बाईला तो भाव परवडत नाही. पूड जहाजात भरून दूरच्या मत्स्यशेतांकडे जाते. माणसाच्या तोंडचा मासा काढून महाग माशाच्या तोंडी घालायचा आणि त्याला ‘जगाचं पोषण’ म्हणायचं, हा हिशेब मला कोणत्याही अंगाने बरोबर वाटत नाही.

सॅमनवाले, म्हणजे सॅमन हा मांसाहारी मासा पिंजऱ्यांत पाळणारे, यावर सांगतात की आम्ही सुधारलो, आणि त्यात तथ्य आहे. नॉर्वेत १९९० मध्ये सॅमनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग मासळीची पूड आणि तेल असायचा. २०२० पर्यंत तो पावभागाच्या खाली आला. पण टक्केवारी कमी होत असताना पाळलेल्या सॅमनची संख्या कैक पटींनी वाढली, त्यामुळे एकूण लागणारा मासा त्या प्रमाणात घटला नाही. आणि उरलेली जागा घेतली मुख्यतः सोयाबीनने, त्यातलं बरंचसं ब्राझीलचं. समुद्रावरचं थोडं ओझं जमिनीवर सरकलं. ही सुधारणा आहेच. फक्त तिला मुक्ती म्हणू नये.

खाद्याखेरीज पिंजऱ्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. खाडीत तरंगणाऱ्या एका गोल जाळ्यात लाख-दोन लाख सॅमन असतात. एवढी दाटी झाली की समुद्री उवांना सुगी येते. या उवा खरोखरच दिसतात. तपकिरी, नखाएवढ्या, माशाच्या कातडीला चिकटून ती कुरतडणाऱ्या. मोठा सॅमन काही उवा सहन करतो. पण नदीतून पहिल्यांदाच समुद्राकडे निघालेलं बोटभर रानटी पिल्लू त्या पिंजऱ्यांजवळून जाताना दहा-बारा उवा घेऊन गेलं तर बहुधा मरतं. नॉर्वेने २०१७ पासून यावर एक पद्धत आणली, ती मला आवडते. किनाऱ्याचे तेरा विभाग केले. उवांमुळे रानटी पिल्लं किती दगावतात याचा अंदाज काढायचा आणि त्यानुसार विभागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. हिरव्यात उत्पादन वाढवायला परवानगी, पिवळ्यात आहे तेवढंच, लाल विभागात कपात. पद्धतीवर भांडणं खूप आहेत, कंपन्या कोर्टातही गेल्या. पण शेतीची वाढ शेतीच्या नफ्यावर न ठरवता बाहेरच्या रानटी माशाच्या जिवावर ठरवायची, हे तत्त्व लाखमोलाचं आहे. चिलीने असं काही वेळेवर केलं नाही. २००७ पासून तिथे सॅमनमध्ये विषाणूची साथ पसरली आणि काही वर्षांत अटलांटिक सॅमनचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. कोळंबीच्या तळ्यांसाठी आग्नेय आशियात आणि इक्वाडोरमध्ये तोडलेल्या खारफुटीची गोष्ट तर इतकी जुनी झाली की ती उगाळत नाही. माशांची पिल्लं जिथे वाढतात तीच जागा मासे ‘पिकवायला’ तोडली, एवढं एक वाक्य पुरे.

मग समुद्रातली चांगली शेती कोणती? जी काही खाऊ घालायला मागत नाही ती. कालवं, शिंपले, समुद्री शेवाळ. पाण्यात दोर सोडायचे, त्यावर शिंपल्यांचं बीज बसतं, ते समुद्रातलं सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातं आणि वाढतं. चांगल्या परिस्थितीत एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळतं. शेवाळ पाण्यात विरघळलेलं नत्र आणि स्फुरद शोषतं. अर्थात इथेही अति झालं की माती होते; खाडी दोरांनी भरून टाकली तर प्लवक पुरत नाही आणि तळाशी विष्ठेचा थर साचतो. पण या शेतीचा खरा मोठा गुण अर्थकारणात आहे. कालवं पिकवणाऱ्याचा धंदा स्वच्छ पाण्यावर चालतो, म्हणून पाणी बिघडलं की पहिली बोंब तो मारतो. २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कालव-बीज केंद्रांत पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी जंतूंचा संशय घेतला गेला. शोध घेतल्यावर कळलं की खोलातून वर येणारं पाणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणखी आम्लधर्मी झालंय आणि कोवळं कवच त्यात धरतच नाही. समुद्राच्या आम्लीकरणाचा इतका रोकडा पुरावा आधी कोणी समोर ठेवला नव्हता. सॅमनच्या पिंजऱ्याचा मालक आणि कालवांचा शेतकरी, दोघंही ‘मत्स्यशेती’ या एकाच रकान्यात बसतात. सरकारी अनुदान, परवाने, कर्ज देताना हा रकाना फोडायला हवा.

मर्यादा घालायची म्हटलं की ती कोणाच्या पानातून, हा प्रश्न लगेच येतो, आणि इथे पर्यावरणवाल्यांचंही बऱ्याचदा चुकतं. आइसलंडने १९८४ पासून कॉडसाठी बोटवार कोटे दिले, नंतर ते खरेदी-विक्रीला खुले केले. मासा सावरायला मदत झाली. पण कोटा हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला आणि काही किनारी गावांच्या बंदरात मासा यायचाच थांबला. जगाच्या पकडीतला साधारण ४० टक्के मासा छोटे मासेमार आणतात आणि मासेमारीवर जगणाऱ्या दर दहा माणसांतली नऊ या छोट्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे न बघता आखलेली कोणतीही मर्यादा एक तर मोडली जाते किंवा त्यांना मोडते.

त्यांना सोपवलं तर ते लुटून नेतील, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कधीच खोडून काढला. अर्थशास्त्राचं २००९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. तुर्कस्तानातल्या आलान्या बंदराचं त्यांनी दिलेलं उदाहरण मला सगळ्या कोटा-शास्त्रापेक्षा जास्त शिकवून जातं. तिथल्या मासेमारांत चांगल्या जागांवरून मारामाऱ्या व्हायच्या. १९७० च्या दशकात त्यांनी स्वतःच तोडगा काढला. दर सप्टेंबरला परवानाधारक मासेमारांची यादी करायची, जाळी टाकण्याच्या सगळ्या जागांना नावं द्यायची, आणि कोणी कुठे बसायचं याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येकाने रोज पूर्वेकडे एक जागा सरकायचं, जानेवारी ते मे पश्चिमेकडे. स्थलांतर करणाऱ्या माशांचा फायदा असा सगळ्यांना आळीपाळीने मिळतो. पहारेकरी लागत नाही, कारण उद्या तुझी चांगली जागा आहे तिथे कोणी घुसला तर तूच त्याला हाकलतोस. अर्थात हे उदाहरण दूरच्या समुद्रात चालत नाही. जहाजांच्या हालचाली उपग्रहांनी टिपून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला; त्यात जगातल्या मोठ्या मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजांचा ठावठिकाणा सार्वजनिक नोंदींत दिसतच नाही, असं आढळलं. तिथे चिठ्ठ्या कोण टाकणार?

तिथे हात घालायचा तो पैशाला. जगभरची सरकारं मासेमारीला जी अनुदानं देतात, त्यांचा २०१८ चा अंदाज सुमारे ३५ अब्ज डॉलरचा आहे, आणि त्यातले २२ अब्ज डिझेल, नव्या बोटी, मोठी इंजिनं अशा पकड वाढवणाऱ्या गोष्टींवर जातात. खुल्या समुद्रातल्या मासेमारीवरच्या एका अभ्यासाचं म्हणणं असं की अनुदान काढून घेतलं तर तिथल्या निम्म्याहून जास्त क्षेत्रात मासेमारी तोट्यात जाईल. म्हणजे बाजाराने जी जहाजं कधीच किनाऱ्याला लावली असती, ती करदात्याच्या पैशावर समुद्र खरवडत फिरताहेत. ग्राहकाने लेबल बघून मासा घ्यावा वगैरे उपदेश याच्यापुढे फार तोकडे आहेत. संरक्षित सागरी क्षेत्रांचंही असंच. नकाशावर ती वाढताहेत, पण त्यातल्या अनेकांत ट्रॉलर चालूच आहेत.

गरीब देशांचा आक्षेप इथे येतो आणि तो योग्य आहे : श्रीमंतांनी शंभर वर्षं अनुदानावर मासा ओढला, आता आमची पाळी आली तर दार लावता? जागतिक व्यापार संघटनेत ही चर्चा २००१ मध्ये सुरू झाली, पहिला करार व्हायला जून २०२२ उजाडला आणि तो लागू झाला १५ सप्टेंबर २०२५ ला. त्यात बेकायदा मासेमारीला, आधीच अति उपसा झालेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला आणि कोणाचंच नियंत्रण नसलेल्या खुल्या समुद्रातल्या मासेमारीला अनुदान द्यायला बंदी आहे. पण जहाजांची एकूण ताकद फुगवणारी अनुदानं, म्हणजे मुख्य रोग, त्यातून सुटला. त्यावर बोलणी अडली आहेत. तोडगा माझ्या मते आक्षेपातच आहे. किनाऱ्याजवळच्या छोट्या होडीचं इंधन आणि हजारो मैलांवर जाणाऱ्या जहाजाचं इंधन यांना एका मापाने मोजायचं कारण नाही. दूरच्या समुद्रात जाणाऱ्या ताफ्यांचं अनुदान आधी बंद करावं, ज्यांनी सगळ्यात जास्त दिलं त्यांनी सगळ्यात आधी. छोट्यांच्या वाट्याचे पैसे डिझेलऐवजी बर्फ, शीतगृह आणि मोजणी यांच्याकडे वळवावेत. करारातच एक कलम आहे : लागू झाल्यापासून चार वर्षांत हे उरलेले नियम ठरले नाहीत, तर सदस्य देशांनी वेगळं काही ठरवल्याशिवाय हा अख्खा करार आपोआप रद्द होतो. म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत मुदत आहे.